‘मोकळी जागा’ आणि ‘रिकामी जागा’ : विकास योजनेच्या परिभाषेची एक समीक्षा

१

शहराची विकास योजना हा अभियंत्याचा, कायदेपंडिताचा आणि काही अंशी अर्थशास्त्रज्ञाचा विषय समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु विकास योजना म्हणजे केवळ रंगीत नकाशा नव्हे. नकाशासोबत अहवाल असतो, नियमावली असते, आरक्षणांची यादी असते. आणि नकाशावरील हिरव्या चौकोनाला जो काही अर्थ प्राप्त होतो तो या मजकुरामुळेच होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या २२ व्या कलमात शाळा, रुग्णालये, बाजार, नाट्यगृहे यांसाठी, तसेच मोकळ्या जागा, खेळाची मैदाने, हरितपट्टे इत्यादींसाठी जमिनी नेमून देण्याची तरतूद आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली म्हणजे नागरिकाने ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत अथवा सूचना द्यावयाची असते. तात्पर्य, हा सर्व व्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत शब्दांचा आहे. ज्याला शब्द कळला नाही त्याची हरकत उमटत नाही, आणि ज्याची हरकत उमटली नाही त्याची संमती गृहीत धरली जाते.

प्रस्तुत लेखात या व्यवहारातील एका लहानशा शब्दसमूहाचा विचार करावयाचा आहे : ज्या शब्दांनी शहरातील खेळण्या-बसण्या-फिरण्याच्या जागांचा निर्देश होतो तो समूह. उदाहरणे मुख्यतः पिंपरी-चिंचवडची घेतली असून एके ठिकाणी तुलनेसाठी नवी मुंबईकडे वळलो आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, मराठीत ‘मोकळी जागा’ आणि ‘रिकामी जागा’ हे दोन भिन्न अर्थ आहेत. विकास योजनेच्या परिभाषेने ते एक करून टाकले आहेत. आणि मैदानांची जी हानी आपण पाहतो ती दृष्टीआड राहण्याचे एक कारण या अर्थसंकरात आहे.

२

प्रथम शहराविषयी. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने परिसरात औद्योगिक क्षेत्र वसविले, आणि पवनाकाठची शेतकरी गावे पाहता पाहता कामगारवस्त्या झाली. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली; १९९७ साली आजूबाजूची अनेक गावे तीत समाविष्ट झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १० लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख २७ हजार झाली. दहा वर्षांत सात लाख माणसे वाढणे म्हणजे एका शहरात दुसरे शहर येऊन राहणे होय. अशा शहराला निवाऱ्यापाठोपाठ लागणारी गोष्ट म्हणजे घराबाहेर थांबण्याची जागा.

कामगारांच्या निवाऱ्यासाठी १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आज निगडीच्या बाजूस राहणारा मनुष्य आपला पत्ता ‘प्राधिकरण’ असा सांगतो. ज्या संस्थेने भूखंड पाडले तिचे सामान्यनाम त्या भूमीचे विशेषनाम झाले. २०२१ साली ते प्राधिकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन करण्यात आले. संस्था गेली, स्थलनाम उरले. नाशिक व छत्रपती संभाजीनगर येथील ‘सिडको’ आणि डोंबिवलीतील ‘एमआयडीसी’ ही याच जातीची उदाहरणे होत. योजनेने वस्तीला केवळ क्रमांक दिला असता लोकांनी योजनाकर्त्याचेच नाव वस्तीला लावले. याउलट जेथे भूमीला स्वतःचे रूप आहे तेथे लोक आपण होऊन नाव देतात. ‘दुर्गा टेकडी’, ‘भक्ती-शक्ती’ ही नावे निगडीत कोणास समजावून सांगावी लागत नाहीत.

३

‘मोकळा’ हे विशेषण संस्कृत ‘मुक्त’पासून प्राकृतमार्गे आले, तर ‘रिकामा’ याचा संबंध ‘रिक्त’शी आहे. व्युत्पत्ती बाजूस ठेवून केवळ प्रयोग पाहिले तरी भेद स्पष्ट होतो. मोकळा श्वास, मोकळे मन, मोकळे रान या प्रयोगांत बंधन नसल्याचा भाव आहे. रिकामा डबा, रिकामे घर, रिकामा माणूस या प्रयोगांत जे असावयास हवे ते नसल्याचा भाव आहे. मोकळेपणा हा गुण आहे, रिकामेपणा ही उणीव आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ अशी आज्ञा असते, आणि विद्यार्थी ती निमूटपणे पाळतो, कारण रिकामी जागा भरण्यासाठीच असते. मोकळ्या जागेविषयी अशी आज्ञा कोणी करीत नाही. ती भरली तर ती मोकळी राहत नाही, एवढे प्रत्येक मराठी भाषकास ठाऊक आहे.

विकास योजनेत ‘मोकळी जागा’ ही संज्ञा सर्रास आढळते. परंतु तिचे शेजारी पाहावेत. ‘विकसित’ आणि ‘अविकसित’ या जोडीत ती नेहमी दुसऱ्या बाजूस पडते. एखाद्या माळावर रोज सायंकाळी चार गावांची मुले चेंडूफळी खेळत असली तरी भिंत, फाटक आणि पाटी येईपर्यंत तो माळ अविकसितच. ‘ना विकास विभाग’ ही संज्ञा तर व्याकरणदृष्ट्याही चमत्कारिक आहे. मराठीत ‘ना’ हा निषेधवाचक शब्द ‘नापसंत’, ‘नाउमेद’ अशा ठिकाणी ज्या अर्थाने येतो त्यावरून पाहता, या विभागात काही दोष असून त्यामुळे त्याचा विकास अडला आहे, असाच ग्रह व्हावा. तेथे शेती आहे, ओढा आहे, गुरांची वाट आहे, हे त्या संज्ञेत कोठेही नाही. अशा संज्ञेने संबोधिलेली भूमी पुढेमागे ‘होकारात’ नेणे हे कोणत्याही अधिकाऱ्यास पुण्यकर्मच वाटेल.

‘विकास’ या शब्दाचा मूळ अर्थ उमलणे हा आहे. फूल स्वतः उमलते, त्याला कोणी उमलवीत नाही. आधुनिक प्रयोगात तो सकर्मक झाला आणि ‘भूखंड विकसित करणे’ याचा रूढ अर्थ भूखंडावर बांधकाम करणे हा झाला. एकदा हा अर्थ स्थिर झाल्यावर ‘विकास योजना’ या नावातच मोकळ्या जागेचे स्थान दुय्यम ठरते. ती ‘रिकामी’ समजली जाते, आणि मग ती भरण्यास निमित्त तेवढे हवे असते.

४

दुसरा विचारार्ह शब्द ‘आरक्षण’ हा होय. ‘रक्ष्’ या धातूपासून झालेला हा शब्द राखणे, जपणे असा अर्थ देतो. परंतु लोकभाषेत त्याला जोडून येणारे क्रियापद कोणते? ज्याची जमीन योजनेत सापडली तो शेतकरी म्हणतो, “आमच्या जमिनीवर आरक्षण पडलं.” मराठीत वरून काय काय पडते त्याची यादी करून पाहावी : धाड पडते, दरोडा पडतो, दुष्काळ पडतो, विरजण पडते. आणि हे आरक्षण दूर झाले म्हणजे ते ‘उठले’ असे म्हणतात; जप्ती उठते, बंदी उठते, त्याच पंक्तीत. रक्षणवाचक नामाला आपत्तिवाचक क्रियापद जोडले जाते, यात लोकांचा भाषिक प्रमाद नाही. त्यांच्या अनुभवाचे ते अचूक वर्णन आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे त्याला ती जमीन मनाप्रमाणे वापरता येत नाही, तिला पुरता भाव येत नाही, आणि मोबदला कधी मिळेल याचा भरवसा नसतो. अशा मालकास लोभी ठरविणे अन्यायाचे होईल.

कायद्याने या अनिश्चिततेला मर्यादा घातली आहे. अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि सूचनेनंतरच्या विहित मुदतीतही संपादनासाठी पावले टाकली गेली नाहीत तर आरक्षण ‘व्यपगत’ झाल्याचे मानले जाते. येथील ‘पावले’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००७ साली गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, नियोजन प्राधिकरणाने शासनाकडे केवळ संपादनाचा प्रस्ताव पाठविणे हे त्या अर्थाने पाऊल नव्हे. भूसंपादन कायद्यान्वये घोषणा प्रसिद्ध व्हावी लागते. एका शब्दाच्या अर्थावर किती मैदानांचे भवितव्य अवलंबून असते याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही. पत्र पाठविले म्हणजे काम झाले ही जी कार्यालयीन मराठीची समजूत, तिला न्यायालयाने अर्थशास्त्राच्या नव्हे, अर्थविचाराच्या आधारे उत्तर दिले.

‘व्यपगत’ याचा शब्दशः अर्थ दूर निघून गेलेले. कोण गेले? आरक्षण. कोणी घालविले? या प्रश्नाला त्या शब्दात जागा नाही. येथे कार्यालयीन मराठीच्या एका प्रसिद्ध रचनेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ‘प्रस्तावित करण्यात येत आहे’, ‘विकसित करण्यात येईल’, ‘वगळण्यात आले आहे’ ही ‘-ण्यात येणे’ची रचना कर्त्याचा निर्देश न करता वाक्य पूर्ण करते. व्याकरणाच्या दृष्टीने तीत दोष नाही आणि काही प्रसंगी ती सोयीचीही असते. परंतु मैदान होणार हे सांगणाऱ्या वाक्यातही कर्ता नाही आणि मैदान गेले हे सांगणाऱ्या वाक्यातही कर्ता नाही, असे झाले की दोन्ही घटना पाऊस पडण्यासारख्या निसर्गनियमाने घडल्याचा भास होतो. ज्या वाक्यात कर्ता नाही त्याच्याकडे जाब मागता येत नाही.

५

आता या जागांच्या प्रयोजनासाठी योजना जो शब्द वापरते त्याकडे वळू. मुंबईच्या योजनेत ‘मनोरंजन मैदान’ आणि ‘खेळाचे मैदान’ असे भेद आढळतात. व्यवहारात त्यांची इंग्रजी आद्याक्षरेच ‘आरजी’, ‘पीजी’ म्हणून रुळली आहेत. ‘मनोरंजन’ म्हणजे मन रिझविणे. रिझविणारा एक आणि रिझणारा दुसरा, असा भेद त्यात गृहीत आहे. म्हणून नाटक, चित्रपट, जत्रा यांस तो शब्द शोभतो. वस्तीतील वृद्ध सायंकाळी बाकावर बसतो किंवा आई मुलाला घेऊन वाळूत उभी राहते, तेव्हा तेथे कोणी कोणाचे मनोरंजन करीत नसते.

या अनुभवाला मराठीत एक अस्सल क्रियापद आहे : ‘करमणे’. “नव्या गावात मला करमत नाही”, या वाक्याचे दुसऱ्या भाषेत रूपांतर करणे कठीण आहे. त्यात करमणुकीच्या साधनांचा अभाव सांगितलेला नाही. ओळखीचे कोणी नाही, बसावयास जागा नाही, दिवस अंगावर येतो, असे बरेच काही त्यात आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि परप्रांतांतून पिंपरी-चिंचवडला आलेल्या कुटुंबाची पहिली अडचण ही ‘न करमण्या’ची असते. ते कुटुंब शहरात रुजते की नुसते राहते, हे पुष्कळदा घरापासून पायी जाता येईल अशा एखाद्या पारावर, बागेत किंवा पटांगणावर अवलंबून असते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. हे प्रमाण उपयुक्तच आहे. परंतु चौरस मीटरांची बेरीज एका टोकाच्या मोठ्या उद्यानानेही साधते. करमण्याची बेरीज अशी होत नाही, ती गल्लीगल्लीतून करावी लागते.

जुन्या स्थलवाचक शब्दांत जागा आणि तिचा उपयोग एकत्र नांदत असत. ‘गायरान’ म्हणताच कोणासाठी हे कळते. ‘पालखीतळ’ म्हणताच कोणासाठी आणि कधी हे दोन्ही कळते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते, तेव्हा त्या एका रात्रीपुरती का होईना, मोकळ्या भूमीची किंमत सर्वांना उमगते. फारसीतून आलेल्या ‘मैदान’ शब्दाने तर पश्चिम महाराष्ट्रात आणखी एक पाऊल टाकले : कुस्त्यांच्या फडालाच ‘मैदान’ म्हणतात, म्हणजे जागेचे नाव तेथील घटनेला लागले. भोसरी-चिखलीकडे बैलगाडा शर्यतीच्या उताराच्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. संस्कृत ‘उद्यान’ शब्दाच्या मुळाशीही बाहेर जाणे ही क्रिया आहे. या सर्व शब्दांत माणसाची हालचाल आहे. ‘आरक्षण क्रमांक अमुक, क्षेत्र इतके हेक्टर’ या नोंदीत मात्र भूमी आहे, माणूस नाही.

नवनिर्मित संज्ञांपैकी ‘सुविधा भूखंड’ ही या दृष्टीने सर्वांत दुर्बळ होय. कोणती सुविधा, कोणाला, हे तीत नसल्यामुळे काहीही तीत बसते. २०२१ साली पुणे महानगरपालिकेत अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा प्रस्ताव येऊन वाद माजला, तेव्हा वृत्तपत्रांनी मराठी संज्ञा असतानाही ‘अ‍ॅमेनिटी स्पेस’ असेच छापले. यात मराठीचा कमीपणा शोधू नये. दोन्ही शब्द वाचकाला सारखेच अपरिचित होते. मग मूळचाच वापरला इतकेच.

६

शब्द आणि भूमी यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण नवी मुंबईत मिळते. घणसोली येथे शासकीय क्रीडा संकुलासाठी २० एकर जमीन २००३ साली राखून ठेवण्यात आली. पुढे तिचा काही भाग गृहबांधणीसाठी देण्यात आला, आणि २०२१ साली ते संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, म्हणजे शंभर किलोमीटरांहून दूर, नेण्याचे ठरले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला व सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

भाषेच्या दृष्टीने येथे लक्षात घेण्याजोगे असे की, ‘संकुल’ स्थलांतरित होऊ शकते. ती एक संस्था आहे, तिला अंदाजपत्रक असते, ती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेली तरी कागदावर काहीच उणे होत नाही. ‘मैदान’ स्थलांतरित होत नाही. “आमचे मैदान माणगावास नेले” हे वाक्य घणसोलीतील मुलाच्या तोंडी विनोदी वाटेल. “क्रीडा संकुल माणगाव येथे स्थलांतरित करण्यात येत आहे” हे वाक्य मात्र शासकीय कागदावर निर्वेधपणे उभे राहते. पहिल्या वाक्यातील विसंगती मराठी कानाला तत्काळ जाणवते आणि दुसऱ्यातील जाणवत नाही, हाच परिभाषेचा धोका.

७

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मैदाने जातात ती जमिनीच्या भावामुळे आणि पालिकेच्या तिजोरीतील खडखडाटामुळे; शब्द बदलल्याने काय होणार? आक्षेपातील तथ्य मान्य आहे. परिभाषा मैदान गिळत नाही. परंतु कोणती हानी मोजली जावी आणि कोणती मोजली जाऊ नये, हे परिभाषा ठरविते. आरक्षणाच्या अर्ध्या भागावर इमारत येऊन उरलेल्यावर मैदान झाले, तर ‘समावेशक आरक्षण’ या संज्ञेखाली ते विकसित म्हणून नोंदले जाते. अर्धे मैदान गेले असे नोंदविणारा रकानाच नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या शब्दांचा एवढा गौरव करताना जुन्या जागा सर्वांच्या नव्हत्या, हे विसरता येईल काय? पारावर कोण बसे आणि कोण दूर उभे राही, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला, तरी महाडच्या चवदार तळ्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. ‘चव्हाटा’ या शब्दाला बदनामीचा वास आला आहे; चार वाटांवर सर्वांची अब्रू सारखी सुरक्षित नव्हती, हेही त्यातून सूचित होते. यास्तव जुने शब्द तसेच परत आणावेत असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. उलट ‘सार्वजनिक’ हा आधुनिक शब्द ही आपली मोठी कमाई आहे. गायरानात उपयोग होता पण हक्काची समता नव्हती. सार्वजनिक शब्दात हक्काची समता आहे, पण ‘सुविधा’, ‘संकुल’, ‘क्षेत्र’ यांच्या संगतीत उपयोग हरवला. पहिल्याचा मूर्तपणा आणि दुसऱ्याचा न्याय एका वाक्यात आणणे हे परिभाषाकाराचे खरे काम आहे.

८

हे काम अशक्य नाही. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, त्याआधी भाषा संचालनालय स्थापन झाले होते, आणि त्या पिढीने शासनव्यवहाराची हजारो नावे मराठीत आणली. नावांचे काम झाले, आता वाक्यांचे व्हावयास हवे. आरक्षणांच्या यादीत प्रत्येक नोंदीसोबत साध्या मराठीत चार गोष्टी असाव्यात : ही जागा कोण वापरणार, केव्हा वापरणार, कोणत्या वस्तीपासून पायी किती वेळाच्या अंतरावर आहे, आणि ती कोणी कोणत्या वर्षापर्यंत ताब्यात घ्यावयाची आहे. नमुन्यादाखल, ‘सदर क्षेत्र खेळाचे मैदान म्हणून विकसित करण्यात येईल’ याऐवजी ‘महापालिका ही जमीन अमुक वर्षापर्यंत घेईल, येथे अमुक तीन वस्त्यांतील मुले-मुली खेळतील, शाळा सुटल्यावर फाटक सर्वांना उघडे राहील, येथे इमारत होणार नाही’ असे लिहावे. ही वाक्ये लांब आहेत खरी. परंतु त्यांत कर्ता आहे, काल आहे, स्थळ आहे; म्हणून ती मोडली तर मोडलेली दिसतील.

पॅट्रिक गेडिस हे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. शहराचा आराखडा करण्यापूर्वी शहर पायी हिंडून वाचावे, अशी त्यांची शिकवण होती. त्यात एक भर घालावीशी वाटते : हिंडताना लोक जागांना काय म्हणतात तेही लिहून घ्यावे. पिंपरी-चिंचवडच्या सुधारित प्रारूप विकास योजनेवर २०२५ साली हजारो हरकती आल्या. त्या हरकतींत लोकांनी आपापल्या जागांना कोणती नावे दिली आहेत, कोणती क्रियापदे वापरली आहेत, याचा संग्रह व वर्गीकरण एखाद्या भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने केले तर तो प्रबंधाचा उत्तम विषय होईल, आणि पुढील योजनेच्या लेखकांना तो आयता कोश मिळेल. योजनेत माणसाचा शब्द आला म्हणजे जमीन वाचेलच, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. तो आला नाही तर मात्र प्रत्येक मोकळी जागा रिकामी म्हणून वाचली जाणार, आणि रिकाम्या जागांचे काय करावयाचे ते आपल्याला शाळेतच शिकविलेले आहे.